स्त्री-नेतृत्व आणि संवादशैली : प्रश्न बोलण्याचा की ऐकण्याचा?

ब्रिटनमधील सर्वांत मोठ्या ३५० नोंदणीकृत कंपन्यांच्या संचालक मंडळांवर २०२५ अखेरपर्यंत ४० टक्के स्त्रिया असाव्यात, असे लक्ष्य ठरवण्यात आले होते. ते मुदतीच्या कितीतरी आधी गाठले गेले. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याने नोंदणीकृत कंपन्यांना किमान एक स्त्री संचालक नेमणे बंधनकारक केले. पुढे सेबीने पहिल्या एक हजार कंपन्यांसाठी १ एप्रिल २०२० पासून ती संचालक स्वतंत्र, म्हणजे प्रवर्तकांच्या घरातली नसलेली, असावी असा दंडक घातला. पण संचालक मंडळाच्या टेबलाशी बसणे वेगळे आणि कंपनी चालवणे वेगळे. अमेरिकेतील फॉर्च्यून ५०० यादीत मुख्याधिकारीपदावरील स्त्रियांचे प्रमाण १० टक्क्यांवर पोहोचायला २०२३ साल उजाडावे लागले. २०२५ च्या यादीत त्या ५५ होत्या.

या अंतराची कारणे अनेक आहेत. मुलांच्या संगोपनाचा भार, भांडवलाची उपलब्धता, ओळखीपाळखीची जाळी, बढतीचे ठरलेले रस्ते यांवर भरपूर लिहिले गेले आहे. परंतु कार्यालयात सर्वांत सहज ऐकू येणारे स्पष्टीकरण निराळेच असते : स्त्रियांना ठासून बोलता येत नाही. परदेशात नोकरी करणाऱ्या मराठी स्त्रियांना वार्षिक मूल्यमापनात हा शेरा हमखास भेटतो. ‘काम उत्तम, मात्र मीटिंगमध्ये अधिक ठामपणे बोलावे.’ मग त्या प्रशिक्षणवर्गाला जातात, ठामपणे बोलू लागतात, वरच्या पदावर पोहोचतात आणि दोन वर्षांनी दुसरा शेरा येतो : ‘धार थोडी कमी करावी.’ या दोन शेऱ्यांच्या मधली जागा नेमकी किती रुंद आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. भाषाशास्त्र, मानसशास्त्र आणि न्यायालये या तिन्ही ठिकाणी गेल्या पन्नास वर्षांत त्याची मोजणी झाली आहे.

‘बायकी’ भाषा कोणाची?

या चर्चेचा आरंभ बहुधा रॉबिन लेकॉफ यांच्यापासून केला जातो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील या भाषाशास्त्रज्ञ. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लँग्वेज अँड वुमन्स प्लेस’ या छोटेखानी पुस्तकात त्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या स्त्रियांच्या भाषेची काही लक्षणे मांडली. विधान करून त्याला ‘हो ना?’ अशी प्रश्नार्थक शेपटी जोडणे, ‘मला वाटते’, ‘एक प्रकारे’ अशा शब्दांनी वाक्याची टोके बोथट करणे, सरळ विधानही प्रश्नाच्या चढत्या सुरात करणे, अतिनम्रता, ही त्यांतली काही. पुस्तकाचा आधार मुख्यतः त्यांचे स्वतःचे आणि ओळखीच्या लोकांचे बोलणे हाच होता, आणि ते त्यांनी लपवले नव्हते. त्याच पुस्तकात दुसरेही एक निरीक्षण होते, जे पुढे पुष्कळ जण विसरले. स्त्री असे बोलली तर तिला गांभीर्याने घेतले जात नाही. अशी न बोलली तर ती स्त्रीसारखी वागत नाही म्हणून नाके मुरडली जातात.

लेकॉफ यांची यादी प्रशिक्षण व्यवसायाला फार सोयीची ठरली. लक्षणे समोर होती, ती काढून टाकायची एवढेच. परंतु ही लक्षणे खरोखर स्त्रियांची आहेत का, हे प्रत्यक्ष तपासणारे दोन संशोधक निघाले : विल्यम ओबार आणि बोमन ॲटकिन्स. त्यांनी नॉर्थ कॅरोलायनातील न्यायालयांत चाललेल्या खटल्यांचे दीडशे तासांहून अधिक ध्वनिमुद्रण अभ्यासले आणि १९८० मध्ये निष्कर्ष मांडले. साक्षीदार म्हणून आलेल्या ज्या स्त्रिया डॉक्टर किंवा अन्य विषयांतल्या तज्ज्ञ होत्या, त्यांच्या बोलण्यात ही ‘बायकी’ लक्षणे अगदी कमी होती. उलट कनिष्ठ सामाजिक स्तरातील, न्यायालयाचा अनुभव नसलेल्या पुरुष साक्षीदारांच्या बोलण्यात ती भरपूर होती. म्हणून दोघांनी या भाषेला नवे नाव सुचवले : सत्ताहीनांची भाषा. त्याच प्रकल्पातील आणखी एक प्रयोग असा की, तीच साक्ष दोन शैलींत ध्वनिमुद्रित करून ऐकवली असता सत्ताहीन शैलीतील साक्ष ऐकणाऱ्यांना कमी विश्वसनीय वाटली. साक्षीदार पुरुष असो वा स्त्री, हा परिणाम दोघांनाही लागू होता.

व्यवसायजगताबाहेरचे एक उदाहरण इथे घ्यायला हवे, कारण त्यात एकही स्त्री नाही. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनच्या विमानतळावरून हिमवर्षावात उडालेले एअर फ्लोरिडाचे विमान काही क्षणांतच पोटोमॅक नदीवरील पुलावर आदळले. ७८ माणसे मृत्युमुखी पडली. कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणात सहवैमानिकाचे बोलणे ऐकू येते. पंखांवरील बर्फाविषयी, उपकरणांवरील आकड्यांविषयी त्याने वारंवार शंका बोलून दाखवली होती. पण सूचक, मवाळ, वरिष्ठाला न दुखावणाऱ्या शब्दांत. ‘उड्डाण थांबवा’ असे तो म्हणाला नाही. भाषाशास्त्रज्ञ शार्लट लिंड यांनी विमान-अपघातांतील अशा संवादांचा अभ्यास केला. कनिष्ठ व्यक्ती वरिष्ठांशी अधिक मवाळ भाषेत बोलते आणि मवाळ भाषेत मांडलेला मुद्दा दुर्लक्षिला जाण्याची शक्यता अधिक असते, असे त्यांना आढळले. त्या काळात विमान कंपन्यांत रुजू लागलेल्या प्रशिक्षणाची दिशा या संदर्भात पाहण्यासारखी आहे. तिथे सहवैमानिकाला स्पष्ट बोलायला शिकवतात, पण कॅप्टनलाही ऐकायला शिकवतात. व्यवसायजगताने यातला पहिला अर्धा भाग तेवढा उचलला.

‘आम्ही’, ‘आपण’ आणि इंग्रजीतला ‘वुई’

जॉर्जटाऊन विद्यापीठातील डेबोरा टॅनन यांचे नाव १९९० च्या दशकात घरोघरी पोहोचले. १९९४ च्या ‘टॉकिंग फ्रॉम नाइन टू फाइव्ह’ या पुस्तकासाठी त्यांनी कंपन्यांमध्ये बसून माणसे कशी बोलतात ते ऐकले. त्यांचे एक निरीक्षण परदेशस्थ मराठी वाचकाने विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. ज्या ठिकाणी पुरुष ‘मी’ म्हणत होते, त्याच ठिकाणी स्त्रिया ‘आम्ही’ म्हणत होत्या, अगदी काम एकटीने केलेले असले तरी. ‘मी’ म्हणणे त्यांना फुशारकीसारखे वाटे. परिणामी श्रेय वाटले जाई, आणि वाटले जाता जाता नाहीसे होई.

मराठी माणसाच्या बाबतीत यात आणखी एक गुंता आहे. मराठीला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही आराखडा पूर्ण केला’ यात ऐकणारा नाही. ‘आपण आराखडा पूर्ण केला’ यात तो आहे. इंग्रजीत दोहोंना एकच ‘वुई’. मराठी मनात ‘आम्ही’ असते, तोंडून ‘वुई’ निघते आणि पलीकडच्या खुर्चीतला वरिष्ठ ते ‘आपण’ म्हणून ऐकतो. त्या कामात त्याचाही वाटा होता, असे त्याला प्रामाणिकपणे वाटू लागते. त्यातच मराठीत कर्त्याला बाजूला ठेवण्याची सोय फार सुंदर आहे. ‘काम झाले.’ कोणी केले, हे विचारण्याची आपल्याकडे गरज पडत नाही, ते सर्वांना ठाऊक असते. इंग्रजीत हेच वाक्य बेवारशी होते. ‘मी’पणा हा आपल्याकडे दोष मानला जातो, आणि त्याविषयीची ताकीद मुलांपेक्षा मुलींना अधिक मिळते, हे वेगळे सांगायला नको.

मवाळपणाचेही तसेच. ‘उद्यापर्यंत जमेल का?’ हे वाक्य मराठी वरिष्ठाच्या तोंडी आज्ञा असते; ऐकणाऱ्याला त्यात ‘नाही’ म्हणायची जागा नसते, हे दोघांनाही माहीत असते. ‘मला वाटते’ ही पुष्कळदा शंका नसून सभ्यता असते. ही वाक्ये जशीच्या तशी इंग्रजीत गेली की आज्ञेची विनंती होते आणि मताची शंका होते. हा तोटा मराठी पुरुषांनाही होतो. फरक इतकाच की पुरुषाच्या बाबतीत तो ‘परदेशी माणसाचे इंग्रजी’ म्हणून खपतो, तर स्त्रीच्या बाबतीत त्यावर आत्मविश्वासाच्या अभावाचा शिक्का बसतो.

(एक गंमत नोंदवावीशी वाटते. प्रमाण मराठीत ‘मी आले’, ‘मी ठरवते’ अशा क्रियापदांतूनच बोलणारी स्त्री आहे हे कळते. कोल्हापूरकडे मात्र मुली बिनदिक्कत ‘मी आलो’, ‘मी गेलो’ म्हणतात. त्यामुळे कोल्हापुरी स्त्रियांना कोणी कमी स्त्री मानल्याचे ऐकिवात नाही. भाषेतले लिंग आणि बोलण्यातला अधिकार यांचा संबंध आपण समजतो तितका घट्ट नसावा.)

‘मी’ म्हणायला शिकावे, हा सल्ला म्हणून योग्यच आहे. अहवालात ‘हे काम मी पूर्ण केले, अमुक सहकाऱ्याने अमुक भाग सांभाळला’ असे लिहिल्याने कोणाचे काही बिघडत नाही. पण हा सल्ला पाळणाऱ्या स्त्रीचे पुढे काय होते?

प्राइस वॉटरहाउस विरुद्ध हॉपकिन्स

याचे उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात आहे. प्राइस वॉटरहाउस या लेखापरीक्षण आणि सल्लागार संस्थेत १९८२ साली भागीदारीसाठी ८८ उमेदवार होते. त्यांत स्त्री एकच, ॲन हॉपकिन्स. संस्थेच्या ६६२ भागीदारांत तेव्हा स्त्रिया होत्या ७. परराष्ट्र खात्याचे सुमारे अडीच कोटी डॉलरचे काम मिळवण्यात हॉपकिन्स यांचा मोठा वाटा होता आणि त्यांच्या कार्यालयातील भागीदारांनी त्यांची जोरदार शिफारस केली होती. तरीही त्यांची उमेदवारी पुढे ढकलण्यात आली, आणि पुढच्या वर्षी ती मांडलीच गेली नाही.

भागीदारांनी लिहून दिलेले अभिप्राय खटल्यात उघड झाले. एकाला त्या मर्दानी वाटल्या होत्या. एकाच्या मते त्यांनी शिष्टाचार शिकवणाऱ्या वर्गात नाव घालायला हवे होते. शिवीगाळीच्या भाषेबद्दल कोणी नापसंती दर्शवली होती. शेवटी त्यांना हितचिंतक म्हणून जो सल्ला देण्यात आला, त्याचा मथितार्थ असा : चालण्या-बोलण्यात आणि पेहरावात अधिक बायकीपणा आणा, प्रसाधन करा, केशरचना करून घ्या, दागिने घाला. हाताखालच्या माणसांशी त्या कठोरपणे वागत, अशा तक्रारीही खरोखर होत्या, हे न्यायालयानेही नोंदवले आहे. प्रश्न असा होता की तोच कठोरपणा पुरुष उमेदवारांत कोणत्या नावाने ओळखला जात होता.

१ मे १९८९ रोजी निकाल लागला. आक्रमकपणा ज्या पदाची गरज आहे त्या पदावरच्या स्त्रीने आक्रमक असू नये अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे तिला दोन्हीकडून कोंडीत पकडणे होय आणि कायदा ते चालवून घेत नाही, असे न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या निकालपत्राचे सार होते. पुढच्या वर्षी खालच्या न्यायालयाने हॉपकिन्स यांना भागीदार करून घेण्याचा आदेश दिला. त्या संस्थेत परत गेल्या आणि २००२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या. ज्या माणसांनी आपल्याविरुद्ध साक्षी दिल्या त्यांच्या शेजारी दशकभराहून अधिक काळ बसून काम करणे, ही गोष्ट मला स्वतःला खटला जिंकण्याहून अवघड वाटते.

हॉपकिन्स यांची कोंडी अपवादात्मक नव्हती, हे नंतरच्या अभ्यासांनी दाखवले. ॲलिस ईगली आणि स्टीव्हन कॅराऊ यांनी २००२ मध्ये त्यामागची यंत्रणा सूत्रबद्ध केली : पुढाऱ्याकडून लोकांना करडेपणा हवा असतो, स्त्रीकडून आपुलकी, दोन भूमिकांच्या अपेक्षा जुळत नाहीत तिथे स्त्री-पुढाऱ्याला दोन्ही बाजूंनी गुण कमी पडतात. येल विद्यापीठातील व्हिक्टोरिया ब्रेस्कॉल यांनी अमेरिकी सिनेटमधील भाषणांचा हिशेब मांडला. पुरुष सदस्यांची सत्ता जसजशी वाढते तसतसे ते अधिक वेळ बोलतात. स्त्री सदस्यांच्या बाबतीत असा संबंध आढळला नाही. मग त्यांनी प्रयोग केला. इतरांपेक्षा जास्त बोलणाऱ्या एका काल्पनिक मुख्याधिकाऱ्याचे वर्णन लोकांसमोर ठेवले. तो पुरुष असल्यास त्याच्या क्षमतेचे गुण वाढले, ती स्त्री असल्यास घटले. गुण देणाऱ्यांत पुरुष होते तशा स्त्रियाही होत्या, आणि दोघांचाही कल एकच होता. म्हणजे अधिकारपदावरच्या स्त्रियांचे मौन हे नेहमी आत्मविश्वास नसल्यामुळे असते असे नाही. कित्येकदा ते परिस्थितीचे अचूक आकलन असते.

२०१४ मध्ये फॉर्च्यून मासिकात भाषाशास्त्रज्ञ व उद्योजक कियरन स्नायडर यांनी तंत्रज्ञान क्षेत्रातील २४८ मूल्यमापन-अहवालांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. हे अहवाल लोकांनी स्वेच्छेने पाठवलेले होते, त्यामुळे त्यांना शास्त्रीय नमुना म्हणता येणार नाही. तरीही एक गोष्ट ठळक होती. ‘ॲब्रेसिव्ह’, म्हणजे खरखरीत, हा शब्द स्त्रियांच्या अहवालांत पुनःपुन्हा आला होता. पुरुषांच्या अहवालांत तो एकदाही नव्हता.

मराठीही यात मागे नाही. करड्या वरिष्ठाला आपण करारी, परखड, शिस्तीचा भोक्ता म्हणतो. तशीच स्त्री असेल तर फटकळ, तोंडाळ, आगाऊ, खाष्ट, कजाग हे शब्द दाराशी उभेच असतात. ‘कजाग’ पुरुषाला लावून पाहा. वाक्य उभे राहत नाही. ‘करारी’ हे विशेषण स्त्रीलाही मिळते, नाही असे नाही. पण बहुधा ती निवृत्त झाल्यावर, किंवा तिच्यावरच्या श्रद्धांजलीपर लेखात.

हा दंड सर्व स्त्रियांना सारखा बसत नाही. रॉबर्ट लिव्हिंगस्टन, ॲशली रोझेट आणि एला वॉशिंग्टन यांच्या २०१२ मधील अभ्यासात हुकमी सुरात बोलणाऱ्या गोऱ्या स्त्री-पुढाऱ्यांचे गुण कमी झाले, कृष्णवर्णीय स्त्री-पुढाऱ्यांचे झाले नाहीत. म्हणून कृष्णवर्णीय स्त्रियांचा मार्ग सोपा आहे असे मात्र नव्हे. त्यांना इतर परीक्षा अधिक कडक असतात. आशियाई वंशाच्या माणसांविषयी पाश्चात्त्य कार्यालयांतली समजूत आणखी तिसरीच : कष्टाळू, हुशार, निमूट. निमूटपणाच्या या अपेक्षेला तडा देणारी भारतीय स्त्री दुहेरी अपेक्षाभंग करते. अमेरिकेतल्या स्त्रियांसाठी लिहिलेली यशाची पुस्तके जशीच्या तशी आपल्याकडे का लागू पडत नाहीत, याचे एक कारण इथे आहे.

मनुष्यबळ विभागातून आलेल्या दोघी

स्त्रियांची नेतृत्वशैली खरोखर वेगळी असते का? ईगली आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ४५ अभ्यास एकत्र करून याचे उत्तर शोधले. माणसांना घडवणारे, प्रोत्साहन देणारे नेतृत्व स्त्रियांत किंचित अधिक आढळले. वेळेवर हस्तक्षेप न करणारे हातावर हात ठेवलेले नेतृत्व पुरुषांत किंचित अधिक. इथे ‘किंचित’ हा शब्द महत्त्वाचा. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात जॅनेट होम्स आणि त्यांच्या चमूने १९९६ पासून प्रत्यक्ष कार्यालयांतील संभाषणे ध्वनिमुद्रित केली आहेत. त्यांतून दिसते ते असे की प्रभावी व्यवस्थापक, स्त्री असो वा पुरुष, एकाच शैलीला चिकटून राहत नाहीत. सकाळी विनोद करतात, दुपारी ठणकावतात आणि संध्याकाळी विचारपूस करतात.

महाराष्ट्राशी नाते असलेली दोन नावे या संदर्भात शेजारी ठेवून पाहावीत. पुण्याच्या थरमॅक्सच्या अनू आगा या मूळच्या समाजकार्य शिकलेल्या, कंपनीच्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख. १९९६ मध्ये पती रोहिंटन आगा यांचे अकस्मात निधन झाले आणि त्यांच्याकडे अध्यक्षपद आले. वर्षभराच्या आसपास तरुण मुलगाही अपघातात गेला. त्याच काळात मंदी आली, शेअरचा भाव कोसळत गेला. आपल्याला अर्थकारण कळत नाही, पतीच्या तुलनेत आपण उण्या आहोत, ही भावना कशी पोखरत होती हे त्यांनी पुढे जाहीरपणे, कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले आहे. एका भागधारकाने निनावी पत्र लिहून तुम्ही आम्हाला तोंडघशी पाडले असे कळवले. निनावी पत्र कचऱ्याच्या टोपलीत टाकण्याची सोय असते. आगा यांनी ते मनावर घेतले. बाहेरचे सल्लागार बोलावले, संचालक मंडळाची पुनर्रचना केली, मालकी आणि दैनंदिन व्यवस्थापन यांची फारकत केली, मूळ व्यवसायाशी संबंध नसलेल्या शाखांतून कंपनी बाहेर काढली. कंपनी सावरली आणि २००४ मध्ये त्यांनी अध्यक्षपद कन्या मेहेर पदमजी यांच्याकडे सोपवले. सौम्य बोलणारी बाई कठोर निर्णय घेऊ शकत नाही, हे गृहीतक पुण्यात तरी तेव्हाच निकालात निघायला हरकत नव्हती.

दुसऱ्या लीना नायर. कोल्हापुरात जन्म आणि शालेय शिक्षण, सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात अभियांत्रिकी, जमशेदपूरच्या एक्सएलआरआयमध्ये व्यवस्थापन. १९९२ मध्ये हिंदुस्तान लिव्हरमध्ये रुजू झाल्या आणि आरंभी कारखान्यांत, कामगारांशी बोलण्याचे काम केले. २०१६ मध्ये त्या युनिलिव्हरच्या मनुष्यबळ विभागाच्या जागतिक प्रमुख झाल्या. त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. जानेवारी २०२२ पासून त्या शनेल या फॅशन कंपनीच्या जागतिक मुख्याधिकारी आहेत आणि लंडनहून कारभार पाहतात. ही नेमणूक झाली तेव्हा भुवया उंचावल्या त्या एवढ्यासाठी की मनुष्यबळ विभाग हा मुख्याधिकारीपदाकडे नेणारा रस्ता समजला जात नाही. तो ‘मऊ’ विभाग, स्त्रियांना सोपवायचा. आगा आणि नायर दोघी त्याच विभागातून आल्या. एकीला पद वारशाने आले, दुसरीला निवडीने. पण दोघींचा मूळ धंदा ऐकण्याचा होता.

म्हसवडच्या बायका आणि रिझर्व्ह बँक

संवादशैलीचा विषय निघाला की उदाहरणे कॉर्पोरेट इमारतींमधलीच दिली जातात. मला त्याहून अधिक शिकवून गेलेले उदाहरण सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातले आहे. चेतना सिन्हा यांनी म्हसवडच्या स्त्रियांसह सहकारी बँक काढण्याचे ठरवले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने परवान्याचा अर्ज नाकारला. कारण प्रवर्तक सभासद निरक्षर होत्या. स्त्रियांनी काही महिने लिहा-वाचायचे वर्ग केले आणि त्या पुन्हा मुंबईला गेल्या. या वेळी त्या स्वतः बोलल्या. सिन्हा यांनी जाहीर व्याख्यानांत सांगितल्याप्रमाणे त्यांचे म्हणणे असे होते : आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती, हा आमचा दोष नाही. वाचता येत नसेल, पण हिशेब येतो. कोणतीही मुद्दल सांगा, आम्ही व्याज काढून दाखवतो. तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटर न घेता ते काढायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. सिन्हा २०१८ च्या दावोस परिषदेच्या सहअध्यक्षांपैकी एक होत्या. त्या वर्षी सर्व सहअध्यक्ष स्त्रिया होत्या.

या प्रसंगात लेकॉफ यांच्या यादीतले एकही लक्षण नाही. आत्मविश्वासाच्या प्रशिक्षणाला यातली एकही बाई गेली नव्हती. बदलले ते दोन : बोलण्याचा विषय त्यांच्या हुकमी ज्ञानाचा झाला, आणि समोरच्याला ऐकावे लागेल अशी कसोटी त्यांनी स्वतः पुढे ठेवली.

ऐकण्याचे नियम

ऐकण्याची कसोटी प्रत्येक वेळी बोलणाऱ्याने आणायची ही अपेक्षा मात्र अन्यायाची आहे. ती संस्थेच्या नियमांतून येऊ शकते, याचा उत्तम पुरावा क्रिस्टोफर कार्पोविट्झ, टाली मेंडलबर्ग आणि ली शेकर यांच्या २०१२ मधील प्रयोगात मिळतो. पाच-पाच जणांचे गट करून त्यांना एका प्रश्नावर निर्णय घ्यायला सांगितले. स्त्रिया अल्पसंख्य आणि निर्णय बहुमताने, अशा गटांत स्त्रियांच्या बोलण्याचा वेळ पुरुषांच्या तीन-चतुर्थांशाहूनही कमी भरला. त्याच रचनेत निर्णय एकमताने व्हावा असा नियम केला आणि तफावत नाहीशी झाली. माणसे तशीच, संख्या तीच. फक्त प्रत्येकाच्या संमतीवाचून निर्णय अडणार होता. म्हणून प्रत्येकाचे ऐकणे भाग पडले. गिरगावात १९५९ मध्ये सात जणींनी ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर सुरू केलेल्या लिज्जत पापडच्या संस्थेत निर्णय एकमताने घेण्याची रीत आरंभापासून आहे. तिथे सगळ्या स्त्रियाच, त्यामुळे वरील प्रयोगाशी थेट तुलना करता येणार नाही. पण एकमताने निर्णय घेतल्यास धंदा चालत नाही, या आक्षेपाला ते एक उत्तर आहे.

मोठ्या कंपनीत प्रत्येक निर्णय एकमताने होणे शक्य नाही, हे मान्य. त्याहून हलके उपाय आहेत. बैठकीत सर्वांत कनिष्ठ व्यक्तीला आधी बोलू द्यावे आणि वरिष्ठाने शेवटी बोलावे. इतिवृत्तात सूचनेपुढे ती प्रथम मांडणाऱ्याचे नाव लिहावे. बराक ओबामा यांच्या कारकिर्दीच्या आरंभी व्हाइट हाउसमधील वरिष्ठ सहायकांत दोन-तृतीयांश पुरुष होते. तिथल्या स्त्रियांनी आपसांत ठरवले की एकीने मुद्दा मांडला की दुसरीने तो तिचे नाव घेऊन पुन्हा मांडायचा, म्हणजे तो दुसऱ्याच्या खात्यावर जमा होणार नाही. वॉशिंग्टन पोस्टने २०१६ मध्ये ही हकिकत छापल्यावर ती रीत अनेक कार्यालयांत गेली. ती सांभाळण्याचे काम स्त्रियांवरच पडले, एवढी एक खोच त्यात राहते. नाव घेऊन मुद्दा उचलून धरणे पुरुष सहकाऱ्यालाही जमते; त्याला तर त्याचा तोटाही होत नाही.

वेतनवाढ मागण्याबाबत हॅना रायली बोल्स आणि लिंडा बॅबकॉक यांचे काम प्रसिद्ध आहे. अधिक वेतन मागणाऱ्या स्त्रीविषयी नापसंती निर्माण होते आणि ती पुरुषाच्या तुलनेत अधिक असते. मागणी संस्थेच्या हिताशी जोडून मांडली तर ही नापसंती कमी होते, असेही त्यांना आढळले. सल्ला उपयोगी आहे, पण तो देताना हात आखडतो. आपला हक्क मागताना दुसऱ्याचे भले आधी बोलून दाखवायचे, ही कसरत आपल्या आयांनी आयुष्यभर केली आहे.

मूल्यमापनाच्या बाबतीत उपाय त्याहून साधा आहे. ‘आक्रमक’, ‘भावनाप्रधान’, ‘ठामपणाचा अभाव’ अशा शेऱ्यांपुढे तारीख, प्रसंग आणि कामावर झालेला परिणाम लिहिण्याची सक्ती करावी. ज्या शेऱ्यापुढे यांतले काहीच लिहिता येत नाही, तो खोडावा. अनेक कंपन्यांत हे अर्ज डिसेंबर-जानेवारीत भरले जातात. वीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी बाहेर पडलेली मराठी पिढी तेव्हा असे शेरे वाचणाऱ्यांत होती. आज तिच्यातले पुष्कळ जण ते लिहिणाऱ्यांच्या खुर्चीत आहेत.